पिशवी काढायची आहे, तेवढं रक्त वाढवून द्या

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पद्मा माझ्या दवाखान्यात आली. नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे तपशीलही. सोबत धाकटी जाऊ होती. टेबलावर फाइल ठेवून ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, पिशवी काढायचं ठरलंय. रक्त सात आहे म्हणाले, नऊच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत म्हणे. तेवढं वाढवून द्या की."

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. ओपीडी आणि दोन खाटा, ऑपरेशन थिएटर नाही. त्यामुळे ऑपरेशन दुसरीकडे ठरवून माझ्याकडे फक्त सलाइन लावायला येणाऱ्या बायका नेहमीच्याच. रक्त वाढवून द्यायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच आपल्याकडे मागितलेलं असतं. पद्माच्या बाबतीतही मी तेवढंच केलं असतं. पण फाइल चाळताना सोनोग्राफीची तारीख डोळ्यांत भरली.

वय ३७. विडी घरकुलात घर. दिवसाला साधारण हजार विड्या वळते, नवरा यंत्रमागावर. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा अकराचा. मुलाच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. गेल्या ऑगस्टपर्यंत पाळी महिन्याच्या महिन्याला, चार-पाच दिवस. त्यानंतर मात्र कधी नऊ दिवस, कधी बारा, मध्येच डाग, आणि जोडीला अंगावरून पांढरं जाणं. डिसेंबरात एका ठिकाणी दाखवलं. पोटावरून सोनोग्राफी झाली. रिपोर्टात तीन गोष्टी होत्या: गर्भाशय किंचित मोठं, आतलं अस्तर १४ मिलिमीटर म्हणजे जाड, आणि तोंडाशी बारीक पाण्याच्या गाठी. तपासणीत पिशवीच्या तोंडाला सूज. तिला जे समजलं, किंवा सांगितलं गेलं, ते असं: पिशवी खराब झालीय, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, मुलं झालीच आहेत तर काढून टाका. बचत गटातून चाळीस हजारांचं कर्जही मंजूर झालं होतं.

मी विचारलं, "सोनोग्राफी केली तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?"

"ते कुठं ध्यानात राहतंय मॅडम."

"घरी कालनिर्णय आहे ना? त्यावर काय काय लिहिता?"

दूध, सिलिंडर आणि पाणी, असं ती म्हणाली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा ज्या घरी कॅलेंडर आहे त्या घरी पाण्याची खूण असतेच. पाण्याच्या दिवशी माझी ओपीडीसुद्धा ओस असते. तिला म्हटलं, पुढच्या खेपेला गेल्या वर्षीचं आणि यंदाचं, दोन्ही कालनिर्णय घेऊन या.

त्या दिवशी फक्त रक्त आणि लघवी तपासली. विडी वळणाऱ्या बाईची नखं तंबाखूने पिवळी पडलेली असतात, पांढरेपणा नखांत नीट दिसत नाही, म्हणून मी खालची पापणी ओढून पाहते. पापणीचा आतला भाग कागदासारखा होता. नाडी १०४. हिमोग्लोबिन ७.२, फेरिटिन ५, म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक संपलेली. थायरॉइड ठीक होतं. गर्भचाचणी निगेटिव्ह. नसबंदी झालेल्या बाईची गर्भचाचणी कशाला, असं जावेने विचारलं. नसबंदी क्वचित का होईना फसते, आणि नळीतला गर्भ अवेळी रक्तस्रावातूनच दिसतो, म्हणून ती चाचणी मी सोडत नाही.

दोन कालनिर्णय

शुक्रवारी ती कागदाच्या दोन गुंडाळ्या घेऊन आली. तपासणीच्या टेबलावर पसरून आम्ही तिघी वाकून बघत होतो. पाण्याच्या दिवसावर निळ्या पेनने 'पा'. दुधाच्या उभ्या रेघा. आणि ऑगस्टात, पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात, पेन्सिलने बारीक 'गो', 'गो', 'गो'.

"हे काय?"

"गोळ्या की. पाळी पुढं ढकलायच्या."

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली घरांत तो वर्षातला मोठा दिवस, आणि तिची तारीख नेमकी त्याच दिवसांत येत होती. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या. नऊ दिवस घेतल्या. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी जी सुरू झाली ती नऊ दिवस चालली. ऑक्टोबरात घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पुन्हा 'गो', पंधरवडाभर. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जायचा रिवाज आहे, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. दोन गोळ्या चुकल्या आणि तामलवाडीच्या पुढे रस्त्यातच अंगावर जाऊ लागलं. हे सांगताना ती हसली, जाऊ मात्र हसली नाही. तिसरी खेप जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेला. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला घरातली सगळी जाणार आणि ही एकटी बाजूला बसणार, हे तिला नको होतं. मधल्या रक्तस्रावाच्या तारखा तिने मांडल्या नव्हत्या, पण पाण्याच्या खुणांवरून आठवल्या. "त्या दिवशी पाणी आलं होतं आन मला उठवत नव्हतं," असं एकेक जुळत गेलं.

या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं संप्रेरक. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला इस्ट्रोजेनमुळे वाढतं, बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन त्याला धरून ठेवतं, आणि गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं. आधार गेला की अस्तर सुटतं, ती पाळी. गोळी तो आधार बाहेरून देते. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. वर्षातून एखादे वेळी, डॉक्टरांना विचारून, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास नसलेल्या बाईने घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण सहा महिन्यांत तीनदा, तीही मोडून तोडून, म्हणजे अस्तराला आज थांब, उद्या सुट, परवा पुन्हा थांब असं सांगणं. ते मग एकसारखं सुटत नाही, तुकड्या-तुकड्यांनी सुटतं.

डिसेंबरातली सोनोग्राफी कालनिर्णयावर मोजली तर पाळीच्या चोविसाव्या दिवशी निघाली. चोविसाव्या दिवशी अस्तर जाड असायलाच हवं. पाळी संपता संपता ते चार-पाच मिलिमीटर असतं आणि पुढच्या पाळीच्या तोंडावर चौदा-सोळापर्यंत जातं, ते निरोगीच समजायचं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी कुमारिकेच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी असते, आणि तोंडाशी असणाऱ्या पाण्याच्या गाठी बहुतेक बायकांना कधी ना कधी होतात. रिपोर्टातले शब्द खोटे नव्हते. त्यांचा आजार केला गेला होता.

गर्भाशय म्हणजे इतकी मूठभर गोष्ट. साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, मुठीएवढी, वरच्या अंगाला दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन अंडाशयं. आपल्याकडे हे सगळं मिळून 'पिशवी'. पाळी जास्त गेली तर पिशवी, पांढरं गेलं तर पिशवी, कंबर दुखली तरी पिशवीच. पद्माला त्रास होता तो तीन वेगळ्या ठिकाणचा, आणि इलाज एकाच करवतीचा ठरला होता.

पांढऱ्याचं वेगळं, तोंडाचं वेगळं

आतून तपासलं. करडा, पातळ, माशासारखा वास येणारा स्राव. दह्यासारखा नाही, खाज नाही, हिरवट फेसाळही नाही. तिला विचारलं, धुता कशाने? तुरटीचं पाणी, आणि वास आल्यापासून जंतुनाशकाचं, आतपर्यंत. योनीत चांगले जंतू असतात, ते तिथली आंबटता टिकवतात आणि त्या आंबटतेमुळेच बाहेरचे जंतू माजत नाहीत. जंतुनाशक आधी त्या राखणदारांनाच मारतं. मग वास वाढतो, वास वाढला म्हणून आणखी धुणं. मेट्रोनिडॅझोलच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि आत काहीही घालायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे, असं सांगितलं. आठ दिवसांत वास गेला. एवढ्याच तक्रारीसाठी कुणी खासगीत जायलाही नको. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये अंगावरून जाण्यासाठी हिरव्या रंगाचं किट फुकट मिळतं. नाव लैंगिक आजारांशी जोडलेलं असल्याने बायका तिकडे फिरकत नाहीत, ती गोष्ट निराळी.

'तोंडाची सूज' म्हणजे गर्भाशयमुखाभोवती लालसर मखमली कडं होतं. आतली नाजूक त्वचा थोडी बाहेर आलेली. वयात आलेल्या, गर्भार, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत हे सर्रास दिसतं. हा कॅन्सर नव्हे आणि कॅन्सरची पायरीही नव्हे. पण लाल दिसलं म्हणून निर्धास्त सोडायचं असंही नाही. तपासून सोडायचं. संसर्ग बरा झाल्यावर, पाळी नसताना, तीन आठवड्यांनी व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाचा बोळा तोंडाला लावून मिनिटभर थांबले. संशयाची जागा असेल तर ती पांढरी पडते. पद्माची पडली नाही. एवढीच ती तपासणी. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ती सांगितलेली आहे. परवडत असेल तर एचपीव्ही चाचणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो त्याची तपासणी, याहून भरवशाची.

हे सोलापूरकरांना तर सांगायलाच नको होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे एक लाख तीस हजार बायकांवर अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला आणि जगभरच्या धोरणांत वापरला गेला. बार्शी आमच्या जिल्ह्यात, एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि आमच्या पूर्व भागातल्या बाईला कॅन्सर टाळायचा म्हणजे पिशवी काढायची एवढंच ठाऊक. जाता जाता तिच्या मुलीचाही विषय काढला. नऊ ते चौदा वयात एचपीव्ही लसीचे दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळते. पद्मा म्हणाली, "आधी माझं तर निस्तरू द्या."

माझी चूक

गोळ्या बंद. लोहाची सलाइन, नंतर तोंडाने लोह: भाकरीनंतर, लिंबू पिळून, आणि चहा त्यानंतर तासभर नाही. विड्या वळताना दर तासाला अर्धा कप चहा घेणाऱ्या बाईला हे पाळणं ऑपरेशनपेक्षा अवघड जातं. पुढच्या पाळीत पहिले चार दिवस ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. त्या संप्रेरकाच्या नसतात, नुसता रक्तस्राव आवरतात.

मार्चात पाळी सहा दिवसांत आटपली. रात्री उठावं लागलं नाही, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडायच्या त्या थांबल्या. हिमोग्लोबिन १०.१. बचत गटाचं कर्ज तिने उचललं नाही. मी मनातल्या मनात प्रकरण बंद केलं.

खरं तर पाळी संपताच, अस्तर पातळ असताना, आतून सोनोग्राफी करायची असं माझ्याच कागदावर लिहिलेलं होतं. ती म्हणाली आता बरं वाटतंय, नऊशे रुपये कशाला. मीही जोर धरला नाही. गोळ्यांची गोष्ट इतकी चपखल बसली होती की त्यापलीकडे काही असेल असं मला वाटेना. एप्रिलमध्ये तेराव्या दिवशी डाग. मे महिन्यात पाळी पुन्हा नऊ दिवस. दवाखान्यात येऊन ती काही बोलली नाही, जाऊच बोलली: "तेव्हाच काढली असती तर सुटली असती की."

सातव्या-आठव्या दिवशी रक्तस्राव हलका होताच सोनोग्राफी केली. अस्तर ५ मिलिमीटर, आणि त्यातून डोकं वर काढलेला दीड सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तराचाच मांसल कोंब. डिसेंबरच्या जाड अस्तरात तो दडून गेला होता. म्हणजे 'अस्तर जाड आहे' असं सांगणाऱ्याचं सगळंच चुकलं नव्हतं, आणि 'हे सगळं गोळ्यांमुळे' म्हणणारी मी अर्धीच बरोबर होते. डिसेंबरात आणि मार्चात, दोन्ही वेळा एकच गोष्ट व्हायची राहिली होती: योग्य दिवशी बघणं.

जूनमध्ये सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने पॉलिप काढला. सकाळी गेली, संध्याकाळी घरी. टाका नाही. काढलेला तुकडा आणि अस्तराचा नमुना तपासायला गेला. साधा पॉलिप, कॅन्सर नाही. जुलैची पाळी पाच दिवस.

यानंतरही रक्त जास्त गेलं असतं तर संप्रेरकाची तांबी बसवण्याचा पर्याय होता. ती आतच थोडं थोडं औषध सोडते, पहिले तीन-सहा महिने डाग दिसतात, मग बहुतेकींची पाळी अगदी कमी होते, आणि पाच वर्षं चालते. पिशवी काढणं त्याच्याही नंतर. मोठे फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या स्नायूंच्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, कॅन्सर, बाहेर पडलेलं अंग, अशा ठिकाणी ते ऑपरेशन लागतं आणि मी स्वतः बायकांना त्यासाठी पाठवते. ऑपरेशनशी माझं भांडण नाही.

जावेचा कागद

जूनमध्येच एकदा पद्माची जाऊ एकटी आली. वय ३४. पाच वर्षांपूर्वी, अंगावरून पांढरं जातं म्हणून, तिची पिशवी काढली होती. ट्रंकेतून डिस्चार्जचा कागद शोधून आणला होता, घडीवर फाटलेला. रात्री घामाने अंग भिजतं, झोप लागत नाही, गुडघे धरतात, नवऱ्याजवळ जाताना आग होते. तिला वाटत होतं, हे ऑपरेशननंतर सगळ्यांनाच होतं.

कागदावर लिहिलं होतं की गर्भाशयासोबत दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढली आहेत. तिला हे माहीत नव्हतं. "पिशवी काढली म्हणाले, बाकीचं कोण सांगितलंच नाही." एकोणतिसाव्या वर्षी अंडाशयं गेली म्हणजे पाळी जाण्याचं वय एका दिवसात आलं. हाडं ठिसूळ व्हायला आणि हृदयविकाराचा धोका वाढायला तेव्हापासूनच सुरुवात. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते, इथे तर काहीच ठेवलं नव्हतं. स्तन, रक्तदाब, यकृत तपासून तिला इस्ट्रोजेन सुरू केलं. पिशवी नसल्यामुळे एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं. पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते घ्यायचं. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. घाम महिन्याभरात कमी झाला. गुडघ्यांचं अजून सांगता येत नाही.

ती एकटी नाही हे तिला सांगितलं, पण त्याने तिचं काय समाधान व्हायचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला. हे सगळं तिच्या ऑपरेशननंतरचं किंवा तिच्यापर्यंत न पोचलेलं.

उठताना तिने विचारलं, "माझी पण वाचली असती का ओ मॅडम?"

तिची पहिली फाइल माझ्यापुढे नव्हती. "पांढरं जाण्यासाठी काढायला नको होती," एवढं मी बोलले. ती बराच वेळ कागदाची घडी घालत बसली. मोठ्या जावेला "तेव्हाच काढली असती" असं म्हणणारी हीच, हे माझ्या लक्षात होतं. तिच्याही असावं.

ऑगस्ट

पद्मा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. हिमोग्लोबिन ११.९. हातात यंदाचं कालनिर्णय, आता त्यावर पाळीचे दिवस लाल पेनने गोल केलेले. पौर्णिमेच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "परत तिथंच येतंय बघा."

गोळीचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. रथ घरावरून जात नाही, कोपऱ्यावरून जातो. सासूबाई म्हणाल्या म्हणे, कोपऱ्यावर उभी राहून बघ, नारळ पोरगी देईल. हे सासूबाईंना कसं सुचलं ते मी विचारलं नाही.

मुलीच्या लशीचा पहिला डोस घ्यायचा होता. बुधवार सुचवला.

"बुधवारी नको मॅडम, पाणी असतंय. गुरुवारी आणते."

मी गुरुवार लिहून घेतला.